उघाडीवरचे नाना

आमच्या श्वान उद्यानाला दोन फाटकं आहेत. रस्त्यावरून आलं की पहिलं फाटक, मग चार पावलांची जागा, मग दुसरं फाटक. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, एवढा एकच नियम. आत गेलं की कुत्र्याची दोरी सोडायची आणि कुंपणाच्या आत त्याला हवं तसं धावू द्यायचं. दोन फाटकांमधल्या त्या चार पावलांना इतर गावांत काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्याकडे त्या जागेला उघाडी म्हणतात. हे नाव हिराजीनानांनी दिलं.

खरी उघाडी इथून हाकेच्या अंतरावर आहे, खाडीच्या बांधात. दगडी बांधकामात एक दार, दाराला फळ्या. भरती चढायच्या आधी फळ्या टाकायच्या, म्हणजे खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की फळ्या काढायच्या, म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. नाना तरुणपणापासून त्या दारावर होते. गावानं त्यांना नेमलं होतं. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. पुढे बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं, दोन-चार वर्षांत भाताच्या जागी तिवरं उभी राहिली. उघाडी अजून आहे, पण तिच्या दोन्ही बाजूंना आता एकच पाणी आहे.

मी मांडव्याकडच्या या गावात राहायला आलो तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. शाळेतल्या ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो. मुलगी परदेशी गेली आणि तिची कुत्री माझ्याकडे राहिली. चिंचेच्या रंगाची, म्हणून तिचं नाव चिंची. गावाबाहेर मुंबईकरांच्या बंगल्यांची वसाहत झाली होती, आणि त्यांतल्या काहींनी मिळून एका पडीक तुकड्याला जाळीचं कुंपण घातलं होतं. आत जुने टायर, सिमेंटचा एक मोठा पाइप, दोन बाक. फलकावर 'श्वान उद्यान'. गावात त्याला कुत्र्यांची शाळा म्हणत.

कुंपणाचं काम चालू असताना नाना रोज येऊन उभे राहत. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्यावर चौकडीचा टॉवेल. जाळी ठोकणाऱ्यांना त्यांनी एकदाच काय ते सांगितलं, "खालची कड हातभर मातीत गाडा. कुत्रा असो का खेकडा, उकरायचं त्याला शिकवावं लागत न्हाय." कोणी ऐकलं नाही. पहिल्याच आठवड्यात एक कुत्रा जाळीखालून गेला आणि दुसरा एकुलत्या एका फाटकातून, कोणीतरी आत येत असताना, पायांमधून. तो रस्त्यावर ट्रकच्या पुढून निसटला. त्या दिवशी वसाहतीतली माणसं हादरली, आणि मग जाळीही गाडली गेली आणि दुसरं फाटकही आलं. दुसऱ्या फाटकाची जागा नानांनी काठीनं मातीत रेघ मारून दाखवली होती.

"याच्यामंधी एक मानूस उभा पायजे," ते म्हणाले.

"कोण उभं राहणार नाना, रोज?" कोणीतरी विचारलं.

"मी हाय ना. मना दुसरा काय काम हाय?"

अशी ती नेमणूक झाली. सकाळी साडेसहा ते नऊ. कोणी घरून चहा आणे, तो ते घेत. त्यापलीकडे काही घेत नसत. रस्त्यानं मोटारसायकलवरून जाणारे गावातले लोक हॉर्न वाजवून विचारत, "काय नाना, आज कितवीचा वर्ग?"

"तू नापास झालास त्योच," नाना म्हणत आणि मान न वळवता कडी लावत.

त्यांनी कुत्र्यांची नावं कधी लक्षात ठेवली नाहीत. कुणाचा कुत्रा कसा दारातून आत शिरतो यावरून ते त्याला ओळखत. एक 'घुसणारा' होता, एक 'विचारून जाणारी', एक 'आडवा'. चिंची 'विचारून जाणारी' होती. ती उघाडीत बसून आधी नानांकडे बघे, मग आत. कुत्र्यांना त्यांनी कुरवाळलेलंही मी पाहिलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मास्तर, मी दारावरचा. पान्याला कोन कुरवालतं?" मी मास्तर नव्हतो, पुस्तकांची कपाटं सांभाळणारा होतो, पण शाळेत होतो म्हटल्यावर त्यांच्या लेखी मास्तर झालो.

कुत्र्यांना ते पाण्यासारखंच समजत, हे मला हळूहळू कळलं. मी उघाडीत पाऊल टाकलं की ते तिथी सांगत. "आज अष्टमी. भांग हाय. गप राहतील." भांग म्हणजे जेव्हा भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरत नाही, ते दिवस. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. "आज संभालून, मास्तर. आज उधान हाय, भांडतील." मला पुस्तकी सवय. मी एका वहीत तिथी आणि कुत्र्यांची भांडणं दोन-तीन महिने लिहून ठेवली आणि एके दिवशी त्यांना दाखवलं की अष्टमीलाही तेवढीच भांडणं झाली होती. नानांनी वही हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली, परत दिली.

"पान्याचं पन असंच असतं," ते म्हणाले. "पन आपन तयारीत राहायचं."

त्यानंतर मी लिहिणं बंद केलं. अमावास्येला मात्र चिंचीवर जरा जास्त लक्ष ठेवू लागलो.

रेणूताई वसाहतीतल्या. नवऱ्याची नोकरी आणि मुलाचं कॉलेज मुंबईत, त्या आणि त्यांचा छोटा पांढरा कुत्रा इथे. कुत्र्याचं नाव छूछू. पहिल्या दिवशी आत सोडल्यावर त्यांनी त्याला हाक मारली, आणि कुंपणाबाहेर बांधावर लोळत पडलेली गावची चार कुत्री एकदम उठून उभी राहिली. त्यांचे कान ताठ, डोळे आतल्या पांढऱ्या कापसाच्या गोळ्यावर. रेणूताईंना कळेना काय झालं. त्यांनी पुन्हा हाक मारली. चारी कुत्री जाळीवर येऊन आदळली.

नाना म्हणाले, "हाड." आवाज न चढवता. कुत्री मागे झाली.

"बाय, या हाकेनं कुत्रा बोलावत न्हाईत," त्यांनी रेणूताईंना समजावलं. "या हाकेनं कुत्रा कुनाच्या अंगावर सोडतात. तुमी त्याला हाक मारताव, आन आमची म्हनतात, आपल्याला हुकूम झाला."

रेणूताई आधी हसल्या आणि मग गोऱ्यामोऱ्या झाल्या. नाव बदलणं त्यांना जमेना. मुलानं ठेवलेलं नाव. शेवटी नानांनीच तोड काढली. उद्यानात त्याला कापूस म्हणायचं, घरी काय हवं ते म्हणा. कुत्र्यानं दोन्ही नावं मान्य केली. रेणूताई मराठी घरातल्या, पण इंग्रजी शाळेतल्या. उघाडी हा शब्द त्यांना नवा. एकदा नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्या दोन फाटकांच्या मध्ये उभ्या होत्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "नंतर कर, मी उघडी आहे." मी बाकावर होतो. नानांनी ताबडतोब तोंड खाडीकडे फिरवलं. बराच वेळ त्यांचे फक्त खांदे हलताना दिसत होते. मग टॉवेलनं डोळे पुसून त्यांनी कडी काढली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "ये बाय, आत ये." त्या दिवसापासून ते रेणूताईंना अगं-तुगं करू लागले. त्या नानांसाठी आल्याचा चहा आणू लागल्या.

अशी पाच वर्षं गेली. आज मागे पाहिलं तर त्या सगळ्या सकाळी एकच सकाळ वाटते. खाडीवरचं धुकं जाळीच्या भोकांतून आत येतंय, मांडव्याच्या पहिल्या बोटीचा भोंगा कुठूनतरी दुरून, कुत्री धुक्यात शिरतात आणि दुसरीकडून वेगळीच होऊन बाहेर पडतात असं वाटावं. आणि मागे लोखंडी कडीचा आवाज. एक लागली. दुसरी निघाली. त्या आवाजाच्या भरवशावर मी डोळे मिटून बसत असे.

मागच्या श्रावणात एकदा नानांनी मला उघाडीत थांबवलं.

"पानी आयलं का, मास्तर?"

मला वाटलं घरच्या नळाचं विचारतायत. मी म्हटलं, "हो, सकाळीच आलं."

"मग फल्या?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, पण त्यांच्या लेखी मी तिथे नव्हतो. थोड्या वेळानं डोळे परत आले, त्यांनी कडी काढली, चिंची विचारून आत गेली. आठवड्यानं त्यांनी मला पांडू म्हणून हाक मारली. पांडुरंग त्यांचा धाकटा भाऊ, वारून वीस वर्षं झाली होती. मी "काय नाना" म्हणून ओ दिली. हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना फाटकावरून काढलं असतं, आणि फाटक हीच एक जागा त्यांना उरली आहे हे मला दिसत होतं. पण खरं लिहायचं तर माझी सकाळही त्या कडीवरच टांगलेली होती. मी दोघांसाठी गप्प राहिलो असं म्हणतो. किती त्यांच्यासाठी आणि किती माझ्यासाठी, ते मला अजून नीट वेगळं करता येत नाही.

मग भाद्रपदातली अमावास्या. आदल्या दिवशी दुपारपासून मोठा पाऊस झाला होता. सकाळी उघडला तेव्हा उद्यानात घोटाभर पाणी साचलेलं, त्यात आभाळ, आणि कुत्री आभाळात उड्या मारतायत. अकरा कुत्री होती. बाहेर ओहोटी अगदी शेवटाला गेलेली. अमावास्येला सकाळी सातच्या सुमाराला खाडी पार रिकामी होते, दूरवर नुसता चकचकीत चिखल. आम्ही सात-आठ माणसं टायरांवर पाय घेऊन बसलो होतो. नाना उघाडीत उभे. ते आतल्या पाण्याकडे बघत होते, मग बाहेर खाडीकडे, मग पुन्हा आत.

मी पाहिलं की त्यांनी बाहेरच्या फाटकाची कडी काढली आणि फाटक पूर्ण उघडून जाळीला टेकवलं. मग आतल्याची काढली.

मी हाक मारायला हवी होती. पण त्यांची हालचाल इतकी शांत होती, इतकी सवयीची, की ते काही चुकीचं करतायत हे माझ्या ध्यानात येईपर्यंत 'घुसणारा' निघून गेला होता. त्याच्यामागे सगळी. गर्दी नाही, भांडण नाही. एकामागून एक, जणू उतार मिळाला म्हणून. रस्ता ओलांडून, बांधाच्या फुटक्या जागेतून, खाली खाडीत. चिंचीसुद्धा, न विचारता. नाना दोन्ही हातांनी दोन्ही फाटकं धरून, अंग चोरून उभे होते, त्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून. मी जवळ पोचलो तेव्हा माझ्याकडे बघून समाधानानं म्हणाले, "जाव दे. सगला जाव दे. भात निसवाय लागलाय, पानी उभा राहिला तर कुजंल."

आत पाणी साठलं होतं. बाहेर ओहोटी होती. भाद्रपदात भात निसवतं, लोंब्या बाहेर पडतात. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. फक्त शेत तिथे नव्हतं.

बांधावरून मी खाली पाहिलं. ते दृश्य मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही, आणि लाज वाटते की ते इतकं सुंदर होतं. मैलभर ओला चिखल, त्याच्यावर सकाळचा उजेड, बगळे उठतायत, आणि आमची अकरा कुत्री, जन्मात प्रथमच कुंपणाबाहेर मोकळी, चकाकत्या चिखलावर लांब लांब धावत चाललेली. क्षणभर मला त्यांना बोलावावंसंच वाटलं नाही.

बाकीची माणसं ओरडत खाली उतरत होती. रेणूताईंना कापूस दिसेना. घाबरून त्यांच्या तोंडून निघाली ती जुनी हाक. "छूछू. छू छू छू."

बांधावरची चार कुत्री उठली. त्यांना हुकूम झाला होता. ती तिवरांच्या दिशेनं सुटली, जिथे काहीतरी छोटं पांढरं चिखलात धडपडत होतं.

"हाड."

हा आवाज माझ्या मागून आला, आणि या वेळी तो चढलेला होता. खाडीच्या पलीकडे ऐकू जावा असा. चारी कुत्री होती तिथे थांबली. मी वळलो. नाना जागे झाले होते. त्यांच्या एका हातात एक फाटक होतं, दुसऱ्या हातात दुसरं, आणि ते आळीपाळीनं दोन्ही हातांकडे बघत होते.

रेणूताई गुडघाभर चिखलात जाऊन कापसाला छातीशी धरून घेऊन आल्या. तो थरथरत होता, पण धड होता. बाकीची एकेक करून परतली. चिंची सर्वांत शेवटी आली, पोटापर्यंत काळी. अकराही आत आली तेव्हा नऊ वाजून गेले होते.

"मास्तर," नानांनी मला हळूच विचारलं, "मी उघारलं का?"

"वाऱ्यानं उघडलं असेल, नाना."

 पाच वर्षांत ते माझ्यावर कधी रागावले नव्हते. "उघाडी वाऱ्यानं उघरत न्हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उघाडीत, माझ्यादेखत, रेणूताई नानांसमोर उभ्या राहिल्या. चहा आणला होता, पण थर्मास हातातच. रात्रभर रडल्यासारखे डोळे. "नाना, मला तुमचा राग नाही आलेला. खरंच नाही. पण मी परत..."

"बरोबर हाय तुजं, बाय," नानांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "दारावर झोपनारा मानूस दारावर नको." आणि कडी त्यांच्या हाती सोपवून, बाहेर पडून, बाहेरचं फाटक स्वतःच्या मागे नीट लावून ते गेले. त्यांच्या पाठीकडे बघत आम्ही दोघं उघाडीत उभे होतो.

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची सून मंजू ओटीवर मासे साफ करत होती. "घरान पन तसंच करतान, मास्तर," ती म्हणाली. "ओहोटी लागली का घराची सगली दारा उघरून ठेवतान. मी मागना लावत फिरतंय." तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी म्हटलं, मला श्रावणापासून माहीत होतं, मी सांगायला हवं होतं. तिनं विळीवरून मान वर केली. "मना पन ठाव व्हतं. सकाली टोपी घालून निंघाले का त्यांचा चेहरा येगला व्हायचा. मंग मी पन न्हाय बोलले."

आत खाटेवर नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही.

वसाहतीच्या लोकांनी आकडे जुळवायचं कुलूप मागवलं. ते येईपर्यंत सकाळची पाळी मी घेतली. कुलूप आलं, आणि खाऱ्या हवेनं महिन्याभरात अडकलं. मग पाळी माझ्याकडेच राहिली. दारावर उभं राहणं बसण्यापेक्षा वेगळं असतं. कुत्र्यांचं धावणं दिसत नाही, नुसती माणसांची घाई दिसते. एक जण आत, एक जण बाहेर, आणि दोघांनाही वाटतं की एकदा दोन्ही फाटकं उघडली तर काय बिघडणार आहे.

कार्तिकात, थंडी नुकती पडायला लागली होती तेव्हा, मंजू त्यांना हाताला धरून घेऊन आली. ते फार हलके झाले होते. टोपी घातली होती, पण सदऱ्याच्या गुंड्या तिनं लावून दिलेल्या दिसत होत्या. "सकालपासून म्हनतान, जायाचा हाय," ती म्हणाली. "कुठं, ते सांगत न्हाईत."

मी बाहेरचं फाटक उघडलं, त्यांना उघाडीत घेतलं, ते लावलं. मला वाटलं ते तिथेच थांबतील. ते थांबले, आणि आतल्या फाटकाकडे तोंड करून वाट बघू लागले. मी ते उघडलं, आणि ते आत गेले. तेव्हा मला जाणवलं की पाच वर्षांत नानांनी आतल्या गवतावर पाऊल टाकलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

कुत्री आली. त्यांच्या लेंग्याला हुंगून, भोवती फिरून गेली. नाना दोन पावलं पुढे गेले आणि उभे राहिले. मंजूनं त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. अस्वस्थ दिसले. मान थोडीशी वळवून, पण पुरती नाही, त्यांनी विचारलं,

"दाराशी कोन हाय?"

कुत्री भुंकत होती, म्हणून मला मोठ्यानं सांगावं लागलं. "मी आहे, नाना."

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, जणू आवाज कुणाचा ते लावून पाहत होते. मग मान हलवली आणि चालू लागले.

रस्त्यावरच्या फाटकाशी कोणीतरी दोन कुत्री घेऊन आलं होतं आणि घाई करत होतं. मी त्यांना थांबवलं, आतलं लावलं, बाहेरचं उघडलं, त्यांना घेतलं, बाहेरचं लावलं, मग आतलं काढलं. एवढं होऊन मी पाहिलं तेव्हा नाना पार पलीकडच्या कुंपणाशी पोचले होते, खाडीच्या बाजूला. धुक्यात पांढरी टोपी आणि त्याभोवती कुत्री येत-जात होती. पौषात ते गेले. पण मला ते दिसतात ते असे. तो अर्धा तास ते तिथे होते, आणि त्यांनी एकदाही मागे वळून दाराकडे पाहिलं नाही.